थकबाकी : लहान उद्योजकाच्या वीजदेयकाचा अर्थविचार

१

शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि महजर यांच्या भाषेचा विचार आपण नित्य करतो. परंतु ज्या लेखाच्या अर्थावर असंख्य माणसांचा चरितार्थ प्रत्यक्ष अवलंबून असतो, असा एक लेख आपल्या विचारकक्षेत क्वचितच येतो. तो लेख म्हणजे विजेचे देयक. अहमदनगर जिल्ह्यात (या जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले) पिठाची गिरणी, वेल्डिंगचे दुकान, लाकूड कापण्याची वखार, लेथवर सुटे भाग काढणारा गाळा अशा सर्वांच्या दारी हा लेख दरमहा येतो. तो वाचला जातो, पण बहुधा एकाच ठिकाणी : तळाशी छापलेल्या एकूण रकमेपाशी.

ही रक्कम आवाक्याबाहेरची असली आणि तिची मुदत उलटून गेली असली म्हणजे उद्योजकाने काय करावे, हा वरकरणी हिशेबाचा किंवा कायद्याचा प्रश्न वाटतो. तो तसा आहेच. परंतु त्याचा एक मोठा भाग भाषेचाही आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. 'थकबाकी' हा एकच शब्द निरनिराळ्या स्वरूपाच्या मागण्या पोटात घेऊन बसतो. त्या एकमेकींपासून वेगळ्या काढल्यावाचून काय मान्य करावे, कशास हरकत घ्यावी आणि कशासाठी मुदत मागावी हे ठरविता येत नाही. आणि उद्योजक ज्या शब्दांत उत्तर देतो ते शब्दच पुढे त्याचा हक्क राखतात किंवा घालवितात. एवढेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'थकबाकी' हा सामासिक शब्द आहे. त्यातील 'बाकी' हा अरबी असून फारसीच्या मार्गाने महसुली मराठीत रूढ झाला. 'वसूल', 'जमा', 'तगादा' हे त्याचेच सोबती होत. पूर्वपद 'थक' हे मात्र मराठी 'थकणे' या क्रियापदाचे अंग आहे. या क्रियापदाचे दोन अर्थ प्रसिद्ध आहेत : माणूस थकतो म्हणजे श्रमाने गळून जातो, आणि देणे थकते म्हणजे वेळेवर फिटत नाही. व्याकरणदृष्ट्या दुसऱ्या प्रयोगात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. 'बिल थकले' या वाक्यात कर्ता बिल आहे, माणूस नव्हे. ते कोणी थकविले, का थकविले, मुळात ते देणे होते की नव्हते, यांपैकी काहीही हे वाक्य सांगत नाही. 'थकविणे' हे प्रयोजक रूप योजले की दोष माणसाकडे येतो. वसुलीची भाषा 'थकले' पासून 'थकविले' पर्यंत फार लवकर पोहोचते. आणि 'थकबाकीदार' या नामात तर हा दोष माणसाची ओळखच बनतो.

महसुली मराठीने या बाबतीत पुष्कळ सूक्ष्मता पूर्वीच दाखविली होती. दुष्काळी सालात शेतसारा पुढे ढकलला तर ती 'तहकुबी', आणि तो सोडून दिला तर ती 'सूट'. पहिल्यात देणे कायम राहते व केवळ काळ बदलतो. दुसऱ्यात देणेच नाहीसे होते. नगर जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात हा भेद शेतकऱ्याला तोंडपाठ असे. आजच्या बोलीत मात्र 'सवलत' या एका सैल शब्दाने दोन्ही अर्थ झाकून टाकले आहेत. 'बिलात काहीतरी सवलत द्या' असे म्हणणाऱ्याला तहकुबी हवी आहे, सूट हवी आहे, की दुरुस्ती हवी आहे, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. आणि पुष्कळदा बोलणाऱ्यालाही कळलेले नसते.

३

आता देयक उलगडून पाहू. पुढील उदाहरण कल्पित आहे. समजा, एका पिठाच्या गिरणीचे देयक दरमहा सरासरी ९,२०० रुपये येते. धंदा मंदावल्याने मालकाने तीन महिने ते भरलेले नाही. चौथ्या महिन्यात ८३,७०० रुपयांचे देयक येते. ही रक्कम पुढीलप्रमाणे बनलेली आहे : चालू महिन्याचे ९,२०० रुपये, मागील तीन महिन्यांचे २७,६०० रुपये, विलंब आकार व व्याज मिळून ९०० रुपये, आणि 'समायोजन' किंवा 'फरक' या नावाखाली ४६,००० रुपये.

मालकाच्या दृष्टीने ही सगळी 'थकबाकी' आहे. वस्तुतः या चार रकमांचे स्वरूप भिन्न आहे. पहिल्या दोन रकमा वापरलेल्या विजेच्या आहेत. त्यांविषयी वाद नाही, केवळ ऐपतीचा प्रश्न आहे. तिसरी रक्कम काळाची किंमत आहे. देयक मुदतीत न भरल्यास एकदा विलंब आकार लागतो (महाराष्ट्रातील अलीकडच्या दरपत्रकांत तो सव्वा टक्का आहे) आणि पुढे व्याज सुरू होते. चौथी रक्कम मात्र एक विधान आहे : 'पूर्वी तुमच्याकडून कमी आकारणी झाली' असे पुरवठादार म्हणत आहे. हे विधान सत्य असेल किंवा असत्य असेल. मीटरचे वाचन चुकलेले असेल, मीटर बंद असता सरासरीने आकारणी झाली असेल, किंवा ग्राहकाचा वर्ग बदलला असेल. पिठाची गिरणी लघुदाब औद्योगिक वर्गात मोडते. तिची गणना वाणिज्यिक वर्गात झाली तर दर बदलतो आणि मागील फरक उभा राहतो. वर्गीकरणाची एक चूक काय करू शकते हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास वेगळे सांगावयास नको.

म्हणून पहिले काम भरण्याचे नाही, विचारण्याचे आहे. फरकाची रक्कम कोणत्या कालखंडाची, कोणत्या वाचनांवर आधारलेली, कोणत्या दराने काढलेली, याचा तपशील लेखी मागावयास हवा. व्याज कोणत्या मुद्दलावर लावले, हेही त्याच पत्रात विचारावे. याखेरीज 'स्थिर आकार' हे पद लक्षपूर्वक वाचावे. तो विजेच्या वापराप्रमाणे बदलत नाही. गिरणी बंद असली तरी तो चढतच राहतो. धंदा कायमचा आटला असेल तर 'मंजूर भार' कमी करून घेण्याचा अर्ज करणे हे मागील थकबाकीवरील औषध नव्हे. पुढील थकबाकी वाढू नये म्हणून मात्र ते अवश्य आहे.

४

आकड्यामागे जाण्याची ही रीत या जिल्ह्याला नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जदार शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो लवकरच नगर जिल्ह्यातही पसरला. इतिहासात तो दख्खनचे दंगे या नावाने ओळखला जातो. या उठावाचे वैशिष्ट्य असे की, लोकांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. सावकाराकडील कागद हस्तगत करून जाळणे हे त्यांचे मुख्य उद्दिष्ट होते. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. जुन्या रोख्यावरील व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहिला जाई, आणि तो पुन्हा थकला की पुन्हा तेच होई. काही काळाने रोख्यावरील आकड्यात मूळ कर्ज किती हे कोणासच सांगता येत नसे.

या उठावानंतर दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी १८७९ चा सतरावा अधिनियम झाला व तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. त्याचे मर्म असे होते की, न्यायालयाने रोख्यावरील आकडा अंतिम मानू नये; व्यवहाराचा प्रारंभापासूनचा इतिहास तपासावा आणि मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा. ऋणकोला पावती आणि हिशेबाचा उतारा मिळण्याची तरतूदही त्यात होती. वीजदेयक म्हणजे सावकारी रोखा नव्हे, हे उघड आहे. त्याचे दर नियामक आयोग ठरवितो आणि तपशील देयकावर छापलेला असतो. परंतु 'एकूण रक्कम हे सत्य नव्हे, तो एका इतिहासाचा शेवट आहे' हे जे तत्त्व त्या अधिनियमाने मान्य केले, तेच गिरणीच्या मालकाला आज उपयोगी पडणारे आहे. फरक इतकाच की, आता तो इतिहास त्याने स्वतः मागावयाचा आहे.

५

यानंतर मुख्य प्रश्न येतो. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बोलणे हे केवळ वर्णन नसून पुष्कळदा ती एक कृती असते, हा त्यांचा सिद्धांत वाचकांस परिचित आहेच. वचन देणे, हरकत घेणे, कबुली देणे या गोष्टी शब्दांनीच घडतात. थकलेल्या देयकाच्या बाबतीत उद्योजकाला दोन कृती उपलब्ध आहेत. 'ही रक्कम चूक आहे' ही एक. 'ही रक्कम मला झेपत नाही' ही दुसरी. व्यवहारात या दोन्ही एकाच दमात बोलल्या जातात. कायद्याने मात्र त्यांना अगदी वेगळे स्थान दिले आहे.

विद्युत अधिनियम, २००३ याचे कलम ५६ असे सांगते की, ग्राहकाने देय रक्कम भरण्यात कसूर केल्यास किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देऊन पुरवठा खंडित करता येतो. येथे 'लेखी' आणि 'पूर्ण' ही दोन्ही विशेषणे महत्त्वाची आहेत. तोंडी ताकीद म्हणजे नोटीस नव्हे, आणि दिवस मोजताना नोटिशीचा दिवस व खंडित करण्याचा दिवस धरावयाचे नसतात. या कलमात असमर्थतेचा उल्लेख नाही. कसूर दारिद्र्यामुळे झाली की हट्टामुळे, हा भेद ते करीत नाही.

वादाचा उल्लेख मात्र त्यात आहे. त्याच कलमाच्या परंतुकानुसार, देयकाविषयी वाद चालू असता ग्राहकाने हरकत राखून दोहोंपैकी कमी असेल ती रक्कम जमा केली, तर पुरवठा तोडता येत नाही : एक तर मागणी केलेली सर्व रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या आकाराच्या सरासरीने दरमहाची होणारी रक्कम. आपल्या उदाहरणात चार महिन्यांचे ९,२०० रुपयांप्रमाणे ३६,८०० रुपये होतात. मागणी ८३,७०० रुपयांची आहे. 'भरलेल्या' या शब्दामुळे, ज्याने मधले काही महिने मुळीच भरले नाहीत त्याची सरासरी कशी काढावी, असा अर्थविवाद संभवतो. शहाण्याने या संदिग्धतेचा फायदा घेऊ पाहू नये; नेहमीच्या देयकाची सरासरी धरून पैसे भरावेत, हे सुरक्षित.

तात्पर्य, वाद हा हक्क आहे आणि असमर्थता ही विनंती आहे. वादासाठी मंच आहे : महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास विद्युत लोकपाल. अहमदनगर मंडळ महावितरणच्या नाशिक परिमंडळात येते. गाऱ्हाण्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जावयास हवे. अनधिकृत वापराची कलम १२६ खालील आकारणी किंवा वीजचोरीचा आरोप ही प्रकरणे मात्र मंचाच्या कक्षेत येत नाहीत. कलम १२६ च्या अंतिम आदेशाविरुद्ध कलम १२७ खाली तीस दिवसांत अपील करावे लागते आणि त्यासाठी आकारलेल्या रकमेपैकी निम्मी आधी भरावी लागते. म्हणून नोटिशीवर कोणत्या कलमाचा अंक आहे हे सर्वांआधी पाहावे.

असमर्थतेसाठी असा मंच नाही. तेथे हप्त्यांचा अर्ज असतो, आणि तो मान्य करणे न करणे बव्हंशी पुरवठादाराच्या विवेकावर राहते.

६

आता नेहमी लिहिले जाते ते पत्र पाहू. त्याचा साचा साधारणतः असा असतो : 'बिल फार जास्त आले आहे. धंदा मंदा आहे. मी गरीब माणूस आहे. पैसे भरण्याची माझी तयारी आहे, तरी कृपया सवलत व मुदत द्यावी.' हे पत्र नम्र आहे, प्रामाणिक आहे, आणि लिहिणाऱ्याच्या हिताला बाधक आहे.

'जास्त' या शब्दाचे येथे दोन अर्थ होतात : योग्य रकमेहून जास्त, आणि माझ्या ऐपतीहून जास्त. पहिला अर्थ वादाचा, दुसरा असमर्थतेचा. पुढच्याच वाक्यातील 'धंदा मंदा' आणि 'गरीब माणूस' हे शब्द वाचकाला दुसऱ्या अर्थाकडे ढकलतात. 'भरण्याची तयारी आहे' या वाक्याने तर सर्व रकमेची कबुली दिल्यासारखे होते. मुदत अधिनियम, १९६३ याच्या कलम १८ नुसार, मुदत संपण्यापूर्वी देणे मान्य असल्याची सही केलेली लेखी कबुली दिली असता मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते. म्हणजे जी ४६,००० रुपयांची मागणी कदाचित टिकलीच नसती, तिला या पत्राने बळ दिले.

वस्तुतः जुन्या फरकाच्या मागणीवर कायद्याने काही मर्यादा घातलेली आहे. कलम ५६ च्या दुसऱ्या पोटकलमानुसार, रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही. मात्र ती थकबाकी म्हणून देयकांत सतत दाखविली असल्यास गोष्ट वेगळी. 'प्रथम देय' या दोन शब्दांवर देशभर खटले झाले. वीज वापरली तेव्हा रक्कम देय झाली, की देयक दिले तेव्हा? रहमतुल्ला खान प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये असा निर्णय दिला की, ती देयक दिल्यावर देय होते. चुकीमुळे राहून गेलेल्या आकारणीची पुरवणी मागणी दोन वर्षांनंतरही करता येते, परंतु तिच्यासाठी पुरवठा तोडण्याचा मार्ग अवलंबिता येत नाही. एका क्रियाविशेषणाचा अर्थ ठरविण्यावर गिरणी चालू राहणे वा बंद पडणे अवलंबून असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

म्हणून पत्रात तीन परिच्छेद असावेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. पहिल्यात कबुली : 'चालू व मागील तीन महिन्यांच्या वापराचे ३६,८०० रुपये मला मान्य आहेत.' दुसऱ्यात हरकत : 'फरकाचे ४६,००० रुपये मला मान्य नाहीत, त्यांचा तपशील द्यावा, तोवर मी केलेला भरणा हरकत राखून केलेला समजावा.' तिसऱ्यात विनंती : 'मान्य रकमेपैकी अमुक रक्कम आज भरत आहे, उरलेली अमुक तारखांना अमुक हप्त्यांत भरीन.' परंतुकाचे संरक्षण सरासरीची पूर्ण रक्कम जमा केल्यानेच मिळते, अर्धवट हप्त्याने मिळत नाही, हे मात्र येथे विसरू नये. पत्राची पोच घ्यावी. हप्त्यांचे वचन देताना जमेल त्याहून कमीच द्यावे. मोडलेला हप्ता हा न मागितलेल्या हप्त्यापेक्षा वाईट.

थकबाकीचा प्रवाह उलट दिशेनेही पाहावयास हवा. गाळ्यात सुटे भाग करणाऱ्याचे वीजबिल पुष्कळदा यासाठी थकते की, त्याच्याच मालाचे पैसे मोठ्या कारखान्याकडे थकलेले असतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत दिले पाहिजेत. न दिल्यास चक्रवाढ व्याज लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. लहान उद्योजक स्वतःस थकबाकीदार म्हणवून घेण्यास जितका लाजतो, तितकाच दुसऱ्यास थकबाकीदार म्हणण्यास कचरतो. पहिली लाज अनाठायी आहे. दुसरा संकोच महाग पडतो.

७

पुरवठा खंडित झाल्यावरही शब्दांचे महत्त्व संपत नाही. खंडित होणे 'तात्पुरते' असते किंवा 'कायमचे'. या दोन विशेषणांवर पुढील वाट ठरते. १ सप्टेंबर २०२४ पासून महावितरणने राबविलेली अभय योजना, जिची मुदत आता संपली आहे, केवळ ३१ मार्च २०२४ पर्यंत कायमचा पुरवठा खंडित झालेल्या ग्राहकांसाठी होती. मूळ थकबाकी भरल्यास व्याज व विलंब आकार माफ होत असे. तीस टक्के रक्कम प्रथम भरून उरलेली सहा हप्त्यांत देता येत असे. येथेही मुद्दल वेगळे काढणे हाच पाया होता. परंतु अशा योजनेची वाट पाहत देयक थकविणे हा विचार घातक आहे. योजना केव्हा येईल हे ग्राहकाच्या हाती नसते. व्याज मात्र रोज वाढत असते.

गाळा भाड्याने किंवा विकत घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. थकबाकी माणसाची की जागेची? सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी के. सी. निनन प्रकरणी असे मान्य केले की, विनियमांत तशी तरतूद असल्यास जुन्या मालकाची थकबाकी भरल्यावरच त्या जागेस नवी जोडणी देण्याची अट घालता येते. सबब करारापूर्वीच त्या जागेचे शेवटचे देयक पाहून घ्यावे.

थकबाकी वेळीच विलग न केल्यास ती किती वाढते, याचे सर्वांत मोठे उदाहरणही याच जिल्ह्यातील आहे. ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाने आरंभी देशात ज्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या केल्या, त्यांपैकी श्रीरामपूर येथील मुळा-प्रवरा ही एक होती. ही संस्था राज्य वीज मंडळाकडून घाऊक वीज घेई आणि ग्राहकांना पुरवी. तिचे फार मोठे गिऱ्हाईक म्हणजे सवलतीच्या दराने आकारणी होणारे शेतीपंप. घेतलेल्या विजेचे मोल आणि विकलेल्या विजेचे उत्पन्न यांतील अंतर, गळती, वसुलीतील तूट आणि व्याज ही सर्व एकाच आकड्यात साचत गेली, आणि तो आकडा एक हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. ३१ जानेवारी २०११ रोजी संस्थेच्या परवान्याची मुदत संपली आणि तिच्या क्षेत्रातील वीजवितरण महावितरणकडे आले. त्या आकड्यातील दराचा दोष किती, कारभाराचा किती आणि काळाचा किती, याविषयी मतभेद होणे स्वाभाविक आहे. परंतु हे प्रश्न आकडा लहान असताना सुटे करणे सोपे असते, आणि तो डोंगराएवढा झाल्यावर जवळजवळ अशक्य, इतके त्यावरून निश्चित म्हणता येईल. गिरणीवाल्याचे ८३,७०० रुपये आणि सहकारी संस्थेचे कोट्यवधी यांत प्रमाणाचा भेद आहे, प्रकाराचा नाही.

८

या विवेचनातून आपल्या विद्याशाखेपुरता एक निष्कर्ष निघतो. देयक, नोटीस, अर्ज आणि गाऱ्हाणे हे आजच्या मराठीचे जिवंत लेखप्रकार आहेत. त्यांची पदावली, त्यांतील संदिग्धता आणि वाचकाकडून होणारा त्यांचा अर्थ यांचा पद्धतशीर अभ्यास व्हावयास हवा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील दहा-वीस देयके व त्यांना दिलेली उत्तरे, नावे वगळून व संमती घेऊन, जमविली तरी प्रारंभ होईल. 'जास्त', 'सवलत', 'मुदत', 'तयारी' हे शब्द कोणत्या अर्थाने लिहिले गेले आणि कोणत्या अर्थाने वाचले गेले, एवढे जरी नोंदविले तरी ते उपयुक्त संशोधन ठरेल.

आणि संशोधनापलीकडेही काही आहे. १८७५ साली कागद वाचता न आल्यामुळे तो जाळावासा वाटला. आज कागद वाचता येतो, तरी तो टेबलाच्या खणात न उघडता पडून राहतो. न उघडलेले पाकीट पंधरा दिवसांची मुदत थांबवीत नाही. ज्याला ते उघडण्याची भीती वाटते अशा एखाद्या शेजाऱ्याजवळ बसून, त्यातील एका आकड्याचे चार आकडे करून दाखविणे, हे भाषेच्या अभ्यासकास सहज जमण्यासारखे काम आहे.